रॉक वाजवा, पण आवाज न करता

मुंबईत स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडनं काय काळजी घ्यावी, हे एकदा सांगायलाच हवं. परवा रात्री पावणेदहाला, तिसऱ्या गाण्याच्या मध्यातच पोलिसांनी साउंड मिक्सरचा प्लग ओढला. लाउडस्पीकरची रात्री दहाची मर्यादा दहाला सुरू होते असं समजणारे भाबडे लोक अजून आहेत म्हणायचे.

आधी कागद. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३३ आणि त्याखालचे करमणुकीच्या परवान्यांचे १९६० चे नियम वाचा. मेळा, तमाशा, कॅबरे यांच्या पंगतीत तुमचंही पान मांडलेलं आहे. लाउडस्पीकरचा परवाना, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, स्टेजच्या मजबुतीचा दाखला, वायरिंगची तपासणी. प्रत्येक खिडकी आधी दुसऱ्या खिडकीचा कागद मागेल. रागावू नका.

बँडचं नाव मंगलमय ठेवा.

गाण्यांचे शब्द तपासणीसाठी तीन प्रतींत द्या. ड्रम सोलोचेही मागितले तर ‘धा धिन धिन धा’ लिहून सही करा.

आता आवाज. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. साध्या गप्पाच ६० च्या आसपास जातात. माइक न लावलेला ड्रमसेट एक मीटरवर सहज १००. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल उतरतात, म्हणजे ५५ वर यायला मोकळ्यावर पावणेदोनशे मीटर हवेत. तेवढं मैदान शोधा, शिवाय १०० मीटरच्या आत रुग्णालय, शाळा, न्यायालय नको. धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह याच शांतता क्षेत्रापायी गप्प झालं. बरं, मग आतच वाजवा. गिटारचा अँप १०० वॉटऐवजी १५ वॉटचा घ्या, ड्रमपुढे अ‍ॅक्रिलिकचा आडोसा, स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरऐवजी कानातले इन-इअर, सबवूफर रबरी पॅडवर. बेसवर विशेष लक्ष ठेवा, कारण ‘ए’ वेटिंगवरचं, म्हणजे कानासारखे खालचे सूर कमी मोजणारं, मीटर ६३ हर्ट्झला २६ डेसिबल कमी दाखवतं. मीटर ‘ठीक’ म्हणतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंची तावदानं थरथरतात. हे सगळं करून हद्दीवर ५५ आणलंत, तरी प्लग निघणारच, कारण मोजायला मीटर आणलेलंच नसतं! आणि त्याच रस्त्यावर ट्रकवर रचलेली डीजेची भिंत मात्र चालू, फ्लेक्सवर साहेब हसतायत, बंदोबस्ताला तेच पोलीस. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. ते दिवस कोणाच्या वाट्याला जातात, हे काय सांगायला हवं?

पण खरा संताप तुमचाच येतो, बँडवाल्यांनो. कुणी मागायच्या आधीच तुम्ही राजकारणावरचं कडवं गाळता. क्लबमालक ‘जरा सांभाळून’ म्हणाला की स्वतःचं गाणं उडवून दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर वाजवता. नाटकांच्या पूर्वपरिनिरीक्षणाविरुद्ध, म्हणजे प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याच्या सक्तीविरुद्ध, अमोल पालेकर २०१६ साली उच्च न्यायालयात गेले. तुम्ही काय केलंत? ‘इथला रॉक सीन मेला’ म्हणून इन्स्टाग्रामवर स्टोरी टाकलीत, आणि ती चोवीस तासांत उडाली.

ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम एकदा तरी उघडा. रात्री दहाच्या आधी तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त लागतो. मनाईचा आदेश लेखी द्यायचा असतो. दहाच्या आत कुणी प्लगला हात घातला तर मीटरचा आकडा विचारा, लेखी आदेश मागा, वेळ लिहून घ्या, स्टेशन डायरीत नोंद करायला लावा. आणि ते गाळलेलं कडवं आधी परत घाला.