मेल घरून सुटतो, पोहोचत नाही

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, तासाभरात घरचं जीमेल आणि घरचं गूगल फोटोज तयार. कायमचं फुकट. दोन डिस्क मिरर केल्या की बॅकअपचीही कटकट नाही.’ यातलं फोटोंचं बरंचसं खरं आहे. मेलचं नाही, आणि मिररचं, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिण्याचं, तर महागात पडणारं आहे.

‘तासाभरात मेल.’ पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (पेटीतला मेल फोन-लॅपटॉपवर दाखवणारा) तासाभरात बसतात, मान्य. घोडं अडतं ते इंटरनेटच्या लाइनपाशी. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १० ने सुरू होत असेल किंवा १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट (प्रत्येक सेवेचं नंबर दिलेलं दार) फॉरवर्ड करा, बाहेरचा मेल तुमच्या दारापर्यंत येणार नाही. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी विकत घेतला तरी सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते पोर्ट २५ घरगुती लाइनवर बऱ्याचदा बंद असतं. टेलनेट कमांडने जीमेलच्या एमएक्स सर्व्हरला (येणारा मेल घेणाऱ्या) पोर्ट २५ वर जोडून बघा: ‘२२०’ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा, ‘ट्राइंग’वरच अडकलं तर बंद.

मोकळा निघाला तरी पुढे रिव्हर्स डीएनएस आहेच. मेल खरंच आपलाच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या नोंदी आपल्या डोमेनमध्ये आपणच घालतो. आयपीवरून नाव सांगणारी पीटीआर नोंद मात्र लाइन देणाऱ्या कंपनीच्या हातात. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल ती सगळ्याच पाठवणाऱ्यांकडून मागतं. शिवाय घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल यादीत (जिथून थेट मेल येऊ नये असे पत्ते) असतात. तुमची काही चूक नसताना पत्र परत येतं, नाहीतर स्पॅममध्ये जाऊन पडतं.

आमचं मत सरळ आहे: डोमेन आपलं ठेवा, मेलपेटी भाड्याने घ्या आणि एमबीसिंक या प्रोग्रॅमने रोज रात्री सगळ्या मेलची प्रत घरी ओढा. सर्व्हर घरीच चालवायची हौस असेल, तर जाणारा मेल ५८७ पोर्टवरून रिले सेवेमार्फत (आपला मेल पुढे पोहोचवणाऱ्या) सोडा आणि येणारा छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवर) घेऊन वायरगार्ड या खाजगी बोगद्यातून घरी आणा.

‘लाइट गेली की मेल बुडाला’ ही उलटी भीतीही पोकळ. पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स मूळ सेटिंगवर ५ दिवस दम धरतं.

‘मिरर म्हणजेच बॅकअप.’ नाही हो! एक डिस्क मेली तर मिरर तारतो, एवढंच. चुकून पुसलेला ‘मुंज’ फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरांत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या एका डब्यातल्या दोन डिस्क म्हणजे एकच डिस्क. रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमने दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्यातला एखादा फोल्डर परत आणून उघडून बघा.

इथे एक हमखास फसगत होते. बॅकअपची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) ‘नोफेल’ने, म्हणजे ‘नसली तरी अडू नको’ असं सांगून, लावलेली असते. केबल सैल झाली, डिस्क जोडलीच गेली नाही, तरी सर्व्हर सुरू होतो. रात्री फाइलींच्या प्रती करणारं आरसिंक त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवर लिहीत सुटतं आणि सकाळी ती शंभर टक्के भरलेली. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत ‘माउंटपॉइंट’ कमांडने डिस्क जोडलेली असल्याची खात्री करा. डिस्क नसेल तर तिथेच थांबवा.

‘जुना लॅपटॉप पुरतो.’ पुरतो. इमिचसाठी, म्हणजे घरच्या गूगल फोटोजसाठी, रॅम ८ जीबी असावी. जेलीफिनवर (घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारा प्रोग्रॅम) फोनचे एच २६५ फॉरमॅटमधले व्हिडिओ टीव्हीला झेपतील असे बदलून द्यायचे तर इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर बरा. झाकण मिटल्यावर झोपू नये म्हणून लिनक्सच्या लॉगइनडी या भागाच्या सेटिंग फाइलमध्ये झाकणाचं सेटिंग ‘इग्नोर’ करा. चोवीस तास चार्जिंग आणि बडोद्याचा मे महिना, यात बॅटरी फुगते. सोय असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर अडवा. टचपॅड वर आलेला दिसला की बॅटरी काढाच. पुण्या-अमेरिकेतल्या नातेवाइकांना फोटो दाखवायला टेलस्केल (आपली उपकरणं खाजगी जाळ्यात जोडणारी सेवा) पुरे, एकही पोर्ट उघडावं लागत नाही.

‘कायमचं फुकट.’ १५ वॉटचा लॅपटॉप वर्षाला सुमारे १३१ युनिट खातो, ६० वॉटचा जुना डेस्कटॉप ५२६. युनिटला ७ रुपये धरले तर ९२० आणि ३,६८० रुपये. डोमेन, मेलपेटी, दुसरी डिस्क वेगळी. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही धरा, कारण लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि राउटर बंद.