काळा वाघ हवाय? मग बाहेरचा वाघ येऊ देऊ नका

तुमच्या राज्याकडे पर्यटक फिरकत नाहीत? काळा वाघ तयार करा. पिवळ्याचं कौतुक आता कुणाला राहिलंय! ताडोबात तो जिप्सीसमोर बैठक मारतो. मोकळ्या रानातले काळे वाघ मात्र एकट्या ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये. तिथल्या 2023-24 च्या गणनेत 27 प्रौढ वाघांपैकी 13 काळे निघाले.

करायचं फारसं काही नाही, हेच त्यातलं सुख. जंगलाभोवती रस्ते, खाणी, वस्त्या वाढू द्या, म्हणजे बाहेरचा नर आत शिरत नाही. आत उरलेल्यांनी आपसात जमवून घ्यावं. आपल्याकडे सगोत्र निघालं की पत्रिका परत जाते. वाघाला ती कटकट नाही. काही पिढ्यांत टॅकपेप नावाच्या जनुकाची बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून एकाच पिल्लात उतरते आणि पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात. संशोधकांनी 2021 मध्ये हे उलगडून ठेवलंय. तुम्ही वाचू नका, उगाच झोप उडेल. त्या जनुकासोबत आणखी काय काय जमा होतंय, असं कुणी विचारलंच तर सफारीची घोषणा करा. ओडिशाने जानेवारी 2024 मध्ये बारीपदाजवळ काळ्या वाघांची सफारी जाहीर केलीच होती.

एक सावधगिरी बाळगा. नवं रक्त आणू पाहणारे लोक वाईट. त्यांनी 2024 च्या अखेरीस आपल्या ताडोबातून जमुना आणि झीनत अशा दोन वाघिणी सिमिलिपालला नेल्या. झीनतला सासर रुचलं नाही. झारखंड ओलांडून ती थेट पश्चिम बंगालात गेली. पुढे गळ्यात रेडिओ कॉलर घातलेली ती, मागे वनखातं. अखेर 29 डिसेंबरला बांकुड्यात बेशुद्ध करून तिला धरावं लागलं. एवढा खटाटोप, तोही आपल्या काळ्या रंगात पिवळा मिसळायला!

त्यापेक्षा मध्य प्रदेशातल्या रेवा (रीवा) संस्थानाचा कित्ता गिरवा. महाराजा मार्तंडसिंहांनी 1951 मध्ये मोहन नावाचा पांढरा बछडा पकडला. बेगम या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं पिवळीच. मग त्यातली राधा, म्हणजे मोहनचीच लेक, त्याच्याशी जुळवली. 1958 मध्ये चार पिल्लं झाली, चारही पांढरी! पुढे या घराण्याचे वाघ परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांतही पोचले. पांढऱ्या वाघांचे डोळे पुष्कळदा तिरळे असतात, एवढंच. फोटो बाजूने काढायला सांगा.