दोन सेकंदांचा शुकशुकाट

गणपतीत आमच्या घरी आरती एकदा सुरू झाली की ती थांबवणं देवाच्याही हातात नसतं. गणपतीची, शंकराची, देवीची, विठोबाची, मग ज्याला जी येते ती. एक संपायच्या आत कोणीतरी पुढची उचलतो. झांजेला विसावा म्हणून नाही. यंदा मात्र आरत्या उचलणाऱ्या आप्पाकाकांचा घसा चतुर्थीच्या आदल्या दिवशीच बसला. माझ्या मोबाईलमध्ये गेल्या वर्षीचं 47 मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, कपाटात पाच कोऱ्या सीड्या होत्या आणि माजघरात सीडीशिवाय काहीच न गिळणारा जुना प्लेअर. हवी ती आरती चटकन लावता यावी म्हणून मी त्याचे नऊ ट्रॅक केले आणि सीडी भाजली. इथेच माती खाल्ली.

संध्याकाळी गणपतीची आरती संपली आणि घुमणारी झांज कोयत्याने तोडल्यासारखी थांबली. घरात शुकशुकाट. तेवढ्यात मुंबईच्या भाच्याने "संपली?" म्हणत मोदकांकडे हात नेला, काकीने सवयीने विठोबाची उचलली, आणि प्लेअरमधून शंकर गर्जले. बसलेल्या घशानेही आप्पाकाका ओरडले, "मेल्या, आरती काय लाल डबो आसा, दर स्टॉपार थांबाक?"

चौकशी केल्यावर कळलं, की ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीत एक ट्रॅक लिहून झाला की लेझर थांबतो आणि मध्ये दोन सेकंदांची शांतता पडते. डिस्क-ॲट-वन्समध्ये अख्खी सीडी एका दमात लिहिली जाते, तिथे हे अंतर शून्य करता येतं. फक्त पहिल्या ट्रॅकआधीचे दोन सेकंद सुटत नाहीत. तो सीडीचा नियमच आहे. ते ऐकू येत नाहीत म्हणून मीही वाद घातला नाही.

एका दमात लिहायचं म्हणजे दम टिकायला हवा. बाहेर भाद्रपदाचा पाऊस. स्क्रीनवरची सीडी लिहिण्याची पट्टी 80 टक्क्यांवर आली आणि लाईट गेली. कोरी सीडी एकदाच लिहिता येते, त्यामुळे दुसरी बाद.

तिसरीत अंतर शून्य, तरी आरती-आरतीत उचकी! दोष एमपीथ्रीचा. माझे नऊही ट्रॅक एमपीथ्री होते आणि ती फाईल बनतानाच पुढे-मागे चिमूटभर शांतता चिकटते. मग मूळ रेकॉर्डिंगची सरळ वेव्ह (म्हणजे न दाबलेली) फाईल करून ती कापली. चौथीत टक् टक् आवाज. सीडीवर सेकंदाचे 75 भाग असतात आणि काप बरोबर त्या रेषेवर पडला नाही, तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. सुरमईचे तुकडे करतानाही मी एवढा जपून सुरी चालवत नाही. (काकी म्हणते, ते दिसतंच.) पुन्हा बसलो आणि नऊ ट्रॅकमधले आठच्या आठ काप 75च्या रेषेवर आणले. पाचवी सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. कुठे सांधा म्हणून लागेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरांजन पेटलं, झांजा हातात आल्या, मी थाटात बटण दाबलं. म्हातारा प्लेअर घरघरला. सीडी फिरतेय, वाचतेय, फिरतेय. सगळे माझ्याकडे बघताहेत. भाच्याची नजर मोदकांवर. मी म्हटलं, "काका, थोडं थांबा, वाचतोय तो."

आप्पाकाकांनी झांज खाली ठेवली.

"काल दर स्टॉपार थांबा होतो," ते म्हणाले, "आज तर डेपोतसूनच सुटणा नाय!"

आणि त्या फाटक्या घशाने त्यांनीच सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला प्लेअर जागा झाला, पण तोवर त्याचं कोण ऐकतंय! पहिल्या चार सीड्या आता परसातल्या पेरूवर टांगल्यात. माकडं येतात, त्यात तोंड बघतात आणि पेरू खाऊन जातात.