'सैन्य घाला' म्हणणाऱ्या माझ्या गाववाल्यांना

ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना ढाक्याहून पळाल्या, बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या हल्ल्यांचे व्हिडिओ यायला लागले, तेव्हापासून आमच्या बेळगावच्या ग्रुपवर एक वाक्य अधूनमधून येतंच. 'सैन्य घाला आत, ७१ सारखं!' लिहिणारे बहुतेक ओळखीचे. सकाळी कॅम्पात फिरतात, मराठा सेंटरमधल्या रिक्रूट पोरांची कवायत ऐकतात आणि घरी येऊन चहाबरोबर युद्ध पुकारतात.

ते व्हिडिओ बघून माझंही डोकं फिरतं. पण ७१ सगळ्यांना पाठ आणि ८७ ला श्रीलंकेत घातलेली फौज कुणालाच आठवत नाही, हे कसं काय?

माझे मामा खानापूर तालुक्यातले. मराठा पलटणीतून जाफन्याला जाऊन आलेले. त्यांच्यामुळं मी श्रीलंकेबद्दल वाचायला लागलो आणि पहिल्याच पानावर अडकलो. तमिळला बाजूला सारून सिंहली हीच राजभाषा करणारा तिथला 'फक्त सिंहली' कायदा १९५६ चा. आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं तेही १९५६ लाच. भाषेचं दुखणं काय असतं ते सीमाभागातल्या माणसाला शिकवायला नको. आमचं दुखणं २००४ पासून सुप्रीम कोर्टात तारखा खातंय. (८६ च्या कन्नडसक्तीत इथंही गोळ्या चालल्या, पण त्या पोलिसांच्या. आमच्या हातात फार तर दगड.) तिकडं १९८३ च्या तमिळविरोधी दंगलीनंतर तमिळ पोरांनी मोठ्या संख्येनं बंदुका घेतल्या.

त्या पोरांना शिकवलं कुणी? आपणच. आपल्या गुप्तचर खात्यानं, आपल्याच भूमीवर. ४ जून १९८७ ला जाफन्यावर विमानांतून धान्य टाकलं, तेही आपणच. मग २९ जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, आणि आपली फौज शांतता राखायला तिकडं गेली. वाघांची, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंदूकधारी संघटनेची, त्यावर सहीच नव्हती! दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. सिंहली माणसाला हा करार किती पचला होता, ते तिथंच दिसलं.

मामा सांगतात, "आमाला सांगितलेलं, शांतता राखायला चाललाय. सुरवातीला लोक हार घालत होते रे. दिवाळीला त्याच रस्त्यावर सुरुंग."

ऑक्टोबरात वाघांशी आपल्या फौजेची लढाई पेटली. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जवानांपैकी एकच जिवंत राहिला. वाघ वाटच बघत होते. आणि २१ तारखेला जाफन्याच्या इस्पितळात आपल्या जवानांच्या गोळीबारात पेशंट, डॉक्टर, नर्स मेले. हे आपल्याकडं कुणी बोलत नाही. मी मामांना एकदा विचारलं होतं. ते उठून गोठ्यात गेले. परत विचारलं नाही.

सगळ्यात कडू भाग पुढंच आहे. प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले आणि आपल्या फौजेला घालवायचं म्हणून त्यांच्या सरकारनं वाघांनाच हत्यारं पुरवली. म्हणजे आपण शिकवलेली पोरं, ज्यांच्यासाठी गेलो त्या सरकारची काडतुसं, आणि समोर खानापूरचा माझा मामा. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली तोवर आपले जवळजवळ १२०० जवान गेले होते. चेन्नईत मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही आले नाहीत. पुढं २१ मे १९९१, श्रीपेरुंबुदूर, वाघांनी राजीव गांधींना मारलं. तो दिवस तरी आठवत असेल.

आता ७१ चं सांगतो, कारण कमेंटमध्ये तेच येणार. आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीनं जमालपूर घेतलं, छाती फुगतेच. पण तेव्हा तिथली बहुसंख्य जनता आपल्या बाजूनं होती, त्यांचं सरकार कोलकात्यात बसलेलं होतं, शत्रू वर्दीत समोर होता. १३ दिवसांत काम झालं आणि मार्च १९७२ पर्यंत फौज परतही आली. आजच्या ढाक्यात जवान कुणाच्या बाजूनं उतरणार? गल्लीतला कोण मारेकरी आणि कोण शेजारी, हे कानडी-मराठी बोलणाऱ्या आमच्या पोरानं ओळखायचं कसं? हल्ल्यांबद्दल सरकारनं कडक बोलावं, व्यापाराचा, व्हिसाचा दाब टाकावा, जगभर ओरडावं. त्यात मी तुमच्याबरोबर आहे. पण दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात फौज घालायची मागणी करायची असेल तर आधी स्वतःच्या घरातल्या पोराचं नाव लिहा.

एक विनंती. बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या कुणाच्या घरी ८७ ते ९० मधली श्रीलंकेहून आलेली पत्रं असतील तर फोटो काढून ठेवा. आमच्या मामांची सगळी ट्रंकेत होती. २०१९ च्या पुरात भिजली, आणि मामीनं कचऱ्याबरोबर टाकली.