अंधेरीतला काळा दगड आणि ओहोटीची वेळ

मागच्या डिसेंबरात आम्ही उडुपीला गेलो होतो. मालपे बंदरात तिकिटं काढून, बोटीच्या रांगेत उभं राहून सेंट मेरी बेटांवर गेलो. तिथले पाच-सहा बाजूंचे, उभ्या पेन्सिलींची जुडी बांधल्यासारखे दिसणारे दगडी खांब पाहून माझी नववीतली लेक हरखून गेली. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे ते. आम्ही ढीगभर फोटो काढले. परतीला पहाटे अंधेरीला उतरलो, रिक्षा भवन्स कॉलेजच्या बाजूने निघाली, आणि दोन इमारतींच्या फटीतून वर बघत लेक म्हणाली, "आई, हे तर तेच आहे."

समोर गिल्बर्ट हिल होती, अंधेरी पश्चिमेचा तो उभा काळा कडा.

बावीस वर्षं मी या भागात राहते. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई ओटी भरायला वर गावदेवीला घेऊन गेल्या होत्या. दगडातच कोरलेल्या त्या खड्या पायऱ्या चढताना धाप लागली होती, एवढंच आठवतं. ज्या दगडावर चढतोय तो काय आहे हे ना मी विचारलं, ना कोणी सांगितलं. म्हणून हे लिहितेय.

सहा कोटी वर्षांहून जुना आहे हा दगड. दख्खनचं पठार ज्या लाव्हाने घडवलं, त्याच उलथापालथीच्या काळातला. लाव्हा थंड होताना आकसतो. चिखल वाळताना भेगा पडतात तशाच त्यालाही पडतात, पण त्या वरून खोल आत उतरत जातात आणि सबंध दगड बहुकोनी खांबांत विभागला जातो. अंधेरीत हे खांब सुमारे २०० फूट, म्हणजे ६१ मीटर सरळ उभे आहेत. वीस मजली इमारतीएवढी उंची. जगात असे एकसंध उभे कडे मोजकेच. अमेरिकेत वायोमिंगमध्ये 'डेव्हिल्स टॉवर' आहे. तो याहून कितीतरी मोठा आणि त्याचा दगड वेगळा, पण घडण याच जातीची. त्या देशाने १९०६ मध्ये आपलं पहिलं राष्ट्रीय स्मारक म्हणून तोच निवडला.

आपणही काहीच केलं नाही असं नाही. १९५२ मध्ये वन कायद्याखाली गिल्बर्ट हिलला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला गेला आणि २००७ मध्ये महापालिकेने तिला दुसऱ्या श्रेणीचा वारसा ठरवलं. तरी आज बुंध्याशी उभं राहून पूर्ण कडा डोळ्यांत मावेल अशी जागा शोधायला आम्हाला पाऊण तास लागला. चहूबाजूंनी वस्ती आणि इमारती. आजूबाजूचा डोंगर खाणींनी केव्हाच खाल्ला; हा मधला गाभा तेवढा राहिला.

माझं स्पष्ट मत आहे की तो राहिला यात गावदेवीचा वाटा मोठा आहे. माथ्यावर देवी नसती तर याचीही खडी झाली असती. त्यामुळे देवळामुळे निसर्ग झाकला जातो असं कोणी म्हटलं की मला पटत नाही. पायथ्याच्या वस्तीलाही मी दोष देणार नाही. दरड सुटली तर पहिला धोका त्यांनाच आहे. मला राग आहे तो दगडाला खेटून नवीन बांधकाम करू देण्याचा. लिफ्ट, रोषणाई, सेल्फी पॉइंट यातलं काही नको. खांब दिसतील अशी एक बाजू मोकळी ठेवा, आणि अंधेरी-जोगेश्वरीच्या प्रत्येक शाळेतली भूगोलाची सहल आधी इथे येऊ द्या. पुस्तकात या काळ्या लाव्हाच्या दगडाचं 'बेसॉल्ट' हे नाव पाठ करून घेता, मग तो हाताला लागू दे पोरांच्या.

त्या दिवसापासून लेकीला आणि मला नादच लागला. शोधत गेलो तसं कळलं की वरळीच्या खडकांत बेडूक सापडले होते. खरेखुरे जीवाश्म, लहानसे. लाव्हाचा एक थर आला आणि दुसरा यायचा होता, त्या मधल्या काळात इथे पाणथळ जागा होत्या, गाळ साचत होता, त्यात हे बेडूक राहत होते. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी घडवला त्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये या बेडकांचं वर्णन केलं. वरळी नाक्यावरून मी पाच वर्षं ऑफिसला जात होते. आता तिथून बस गेली की मला ते बेडूक आठवतात.

आणि समुद्र! पावसाळ्यात भरती किती वाजता आणि किती मीटरची, हे आपल्याला बातम्यांमुळे पाठ असतं. ओहोटी कधी, हे कोणी विचारत नाही. माझे सासरे अलिबागकडचे. त्यांचा हिशोब साधा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नवाच्या सुमारास सुकती, म्हणजेच ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं, आणि ते पहाटे साडेपाच-सहाला.

फेब्रुवारीतल्या एका पौर्णिमेला पहाटे हाजीअलीला गेलो. उघड्या पडलेल्या खडकांवर हिरवट गालिचा पसरला होता. झोआंथिड म्हणतात त्यांना, प्रवाळांचे आणि समुद्रफुलांचे भाऊबंद, सगळे जिवंत. डबक्यांत शंखाचं घर पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे. मागे पेडर रोडच्या इमारतींत दिवे लागलेले. कालवं काढणाऱ्या एक मावशी आम्हाला म्हणाल्या, "बघा, पण दगड उलटा केलात तर परत होता तसा ठेवा. खाली बिऱ्हाड असतं." तेव्हापासून आम्ही दगड उलटतच नाही.

याच पट्ट्यात, वरळी आणि हाजीअलीजवळ, प्रवाळंही आहेत हे बहुतेक मुंबईकरांना कळलं ते किनारी रस्त्याच्या कामावेळी, २०२० मध्ये ती उचलून दुसरीकडे न्यावी लागली तेव्हा. वाघाला जे कायद्याचं संरक्षण आहे तेच प्रवाळांना आहे. रस्ता हवा की नको हा वाद मी इथे काढत नाही. पण आपल्या दारात काय आहे हे ते हलवायची वेळ येईपर्यंत माहीत नसणं, हे मला फार लागलं. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन हे सगळं दाखवतो. आम्ही त्यांच्याकडूनच बघायला शिकलो.

शिवडीचे फ्लेमिंगो आता सगळ्यांना माहीत झालेत, ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. कान्हेरीच्या लेण्यांबद्दल वेगळं लिहीन. पावसाळ्यात तिथल्या पाणपोढ्या, म्हणजे दगडात कोरलेली पाण्याची टाकी, भरतात ते एकदा बघाच.

लाँग वीकेंडला माळशेजच्या रांगेत चार तास गाडीत बसणाऱ्यांना माझा विरोध नाही, आम्हीही बसलोय. पण "मुंबईत बघण्यासारखं काय आहे?" असं कोणी म्हटलं की आता मला गप्प राहवत नाही.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघी गिल्बर्ट हिलच्या पायऱ्यांपाशी असू. अंधेरी पश्चिमेला स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो आणून सोडतो. पायात चांगल्या चपला घाला, पाण्याची बाटली आणा, लहान मुलांचा हात सोडू नका. ज्यांना यायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा.