टोक सोडायचं नाही

वेणी घालायला कुणीही शिकवतं. तीन पेड घ्या, उजवा मधे, डावा मधे, पुन्हा उजवा मधे. शिकवणारीचे हात भराभर चालतात, चेहऱ्यावर परोपकाराचं हसू असतं, आणि टोकाशी आली की ती म्हणते, "आणि मग रबर लावायचा." तिच्या दृष्टीने विषय संपला. माझा तिथे सुरू होतो.

मोठ्या वेणीच्या कापडी रबराशी माझं वैर नाही. भांडण आहे ते बारीक वेण्यांच्या चिमुकल्या रबरांशी. कपाळाच्या दोन्ही बाजूंना करंगळीहून बारीक वेण्या घालाव्यात, चार-दोन मोकळ्या केसांतून डोकावू द्याव्यात, एवढीच माझी हौस. पण हे इवलेसे रबर लावताना बोटांत गुंततात, काढताना सोबत केस घेऊन निघतात, तेल लागलं की चिकट होतात, आणि जुने झाले की ऐन शेवटच्या वेढ्याला तट्कन तुटून आरशावर आपटतात. १८४५ साली लंडनच्या स्टीफन पेरी यांनी रबरबँडचं पेटंट घेतलं, ते कागदपत्रं बांधून ठेवण्यासाठी. कागदाला मुळं नसतात. ओढला तर ओरडतही नाही. पेरींच्या डोक्यात माझं डोकं नव्हतं, हे उघड आहे.

म्हणून रबर बाद. आणि त्यात माझे केस सरळ. "किती सुळसुळीत केस गं तुझे!" असं ज्या बायका म्हणतात, त्यांनी एकदा माझी बारीक वेणी घालून टोक सोडून पाहावं. पहिल्यांदा काहीच होत नाही. वेणी शहाण्यासारखी लोंबत राहते. मी आरशावरून नजर काढली की खालचा पेड हळूच बाहेर सरकतो. मग त्याच्या वरचा. वेणी मधूनच कधी सुटत नाही, टोकापासूनच सुटते, आणि टोक धरून बसायचं तर दुसरं काही करता येत नाही. दारावरची घंटा नेमकी तेव्हाच वाजते. मग मी एका हाताने वेणीचं टोक चिमटीत धरून दुसऱ्या हाताने दार उघडते, आणि येणारा माणूस मी मिशी पिळत असल्यासारखा माझ्याकडे बघतो.

माझ्या थोरल्या बहिणीचं मात्र सगळं निराळं. ताईचे केस कुरळे. ती वेणी घालते, टोक सोडते आणि कामाला लागते. संध्याकाळी वेणी जागच्या जागी! तिचा केस आडवा कापला तर छेद लंबगोल दिसेल, माझा जवळपास गोल. तिचे केस एकमेकांच्या वळणांत अडकतात, माझे शेजारी राहूनही एकमेकांना ओळख देत नाहीत. पण ताईचं निदान वेगळं आहे. "तू शेवटी घट्ट घालत नाहीस," ती म्हणते. मी घट्ट घालते. इतकी घट्ट घालते की भुवया वर जातात. वेणी तरीही सुटते, कारण हा मामला घट्टपणाचा नाहीच, घर्षणाचा आहे.

केसाच्या सालीवर सूक्ष्म खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोट ओढा, सरसर जातं. उलटं ओढा, किंचित अडखळतं. हे अडखळणं म्हणजेच माझ्या वेणीचं सगळं भांडवल. आणि मी काय करते? केस धुतले की कंडिशनर चोपडते, म्हणजे तेवढे खवलेही गुळगुळीत. नुकत्या धुतलेल्या केसांच्या बारीक वेण्या टिकत नाहीत, एक-दोन दिवसांपूर्वी धुतलेल्या केसांच्या जरा टिकतात. म्हणजे नीट दिसायचं असेल तर आधी थोडं अव्यवस्थित राहावं लागतं.

या खवल्यांचा फायदा घेणारी युक्ती म्हणजे उलटा कंगवा. वेणीचं टोक धरायचं आणि बारीक दातांच्या कंगव्याने मोकळे केस वरच्या दिशेने ढकलायचे. खवले एकमेकांत अडकतात, टोकाशी एक छोटा गुंता तयार होतो, आणि वेणी थांबते. खरंच थांबते! फक्त वेणीला शेवटी जे दिसतं त्याला गोंडा म्हणायचं की मांजराने खेळून टाकलेली लोकर, हे बघणाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून. रात्री तो गुंता सोडवताना जितके केस हातात येतात, तितके रबरानेही नेले नसते.

गाठीचं सांगायलाच नको. उरलेल्या शेपटीचे दोन भाग करायचे आणि त्यांचीच गाठ मारायची, असं सुचवणारे लोक बहुधा सुतळी डोळ्यांपुढे ठेवून बोलतात. माझ्या केसांची गाठ दिवसभर सुरगाठ असते आणि झोपायच्या वेळी निरगाठ होते.

पिन? बारीक वेणीपेक्षा पिनच जड. ती टोकाला लावली की वेणीसकट खाली घसरते आणि खांद्यावर येऊन बसते. पिनेचा खरा उपयोग टोक लपवायला आहे. वेणी मागे न्यायची, वरच्या केसांच्या थराखाली घालायची आणि पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवून तिथेच अडकवायची. वेणी सुटते, पण कुणाला दिसत नाही. हिशेबाच्या वह्यांतही ही पद्धत चालते असं ऐकलंय.

मेणही आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये थीब्ज इथला एक प्राचीन इजिप्शियन केसांचा टोप आहे, जवळजवळ साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या बारीक बारीक वेण्या मधमाश्यांचं मेण आणि राळ लावून पक्क्या केलेल्या आहेत. वाचून मला फार धीर आला. मेणाचा वितळणबिंदू साठ अंशांच्या वर, म्हणजे डोक्याच्या उबेने ते वितळायचं नाही. मग लक्षात आलं की तो टोप होता. रात्री काढून खुंटीला लावता येत होता. मेण पाण्यात विरघळत नाही आणि माझं डोकं खुंटीला लागत नाही.

एका मैत्रिणीने टोकं उकळत्या पाण्यात बुडवायला सांगितलं. तिच्या वेण्यांत कृत्रिम धागे मिसळलेले असतात, त्यांना उष्णतेने आकार बसतो. माझ्यात सगळंच अस्सल आहे, हे मी पहिल्यांदाच खेदाने सांगितलं.

शेवटी टिकतो तो दोरा, साधा सुती दोरा. चकचकीत नको, तोही माझ्या केसांच्याच जातीचा निघतो. वेणीचा चार बोटं भाग उरला असताना दोरा मधोमध दुमडून पेडांच्या मधे अडकवायचा, एक पदर डाव्या पेडाबरोबर आणि एक उजव्याबरोबर घेऊन शेवटपर्यंत गुंफत जायचं. टोकाशी आलं की दोन्ही पदर बाहेर काढायचे, विरुद्ध दिशांनी गुंडाळायचे आणि गाठ मारायची. दोरा वेणीच्या आतच गुंफलेला असल्याने नुसता घसरून पडू शकत नाही. वेढ्यांचीही एक गंमत आहे. खांबाला गुंडाळलेल्या दोरीची पकड वेढ्यागणिक बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. गणितज्ञ ऑयलरने अठराव्या शतकातच त्याचं गणित मांडलंय. त्यामुळे दोन-चार वेढे जास्त दिले की गाठीवर फारसा भार येतच नाही.

याहून देखणी रीत खलाशांची. दोराचं टोक उसवू नये म्हणून ते त्यावर बारीक दोरा गुंडाळतात: आधी दोऱ्याचा एक फास टोकाला समांतर ठेवायचा, त्याच्यावरून वेढे घ्यायचे, शेवटचं टोक फासात ओवायचं आणि दुसरं टोक ओढून फास वेढ्यांखाली गडप करायचा. गाठ कुठे दिसतसुद्धा नाही. पण खलाशाचा दोर त्याच्या मांडीवर असतो. माझा माझ्या कानामागे. दोन हात वेणीला, एक हात फासाला, एक वेढ्यांना, असा हिशेब केला तर मला देवी व्हावं लागेल. तूर्तास फास दातांत धरते. त्या वेळी फोन आला तर समोरच्याला वाटतं, मी दंतवैद्याकडे आहे.

दोऱ्याचा रंग केसांहून वेगळाच घ्यावा. ताई म्हणते काळा घे, दिसणार नाही. दिसणार नाही हीच तर अडचण! रात्री कात्री घेऊन बसल्यावर काळ्यातलं काळं शोधायचं, आणि जे कापलं ते दोरा होतं की मी, हे नंतर कळायचं. मी लाल वापरते. लोकांना ती फॅशन वाटते.

कापला की दोरा सुटतो. वेणी मात्र सुटत नाही. सकाळी जराशा ओलसर केसांची घातलेली असते, दिवसभरात वाळून तिला आकार बसलेला असतो, आणि जी वेणी क्षणभर धरवत नव्हती, ती आता बोटांनी उकलावी लागते. सगळ्या उकलल्या की केस दुसऱ्या दिवसापर्यंत नागमोडी राहतात. कुणीतरी विचारतंच, "केस कुरळे करून घेतलेस का गं?" मी "हो" म्हणते. दोऱ्याची एवढी हकीकत कोण सांगत बसणार?