कोणाला घातलं, ते सांगायचं नाही

२०२७ च्या गोवा विधानसभेची चाहूल आमच्या फोंड्याकडे लागली. तिठ्यावरचे फलक बदलले आणि माझ्या पोटात तो जुना गोळा पुन्हा उठला. म्हणून लिहिते आहे.

पुण्याची मावसबहीण म्हणते, बातम्या बंद कर, फोन बाजूला ठेव, बरं वाटेल. तिच्याकडे एका मतदारसंघात सुमारे तीन लाख किंवा त्याहून जास्त मतदार असतात. गोव्यात एका आमदारामागे सरासरी तीस हजारसुद्धा नाहीत. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. एवढी मतं आमच्या एका वाड्यावर निघतील! त्यामुळे इथं निवडणूक पायऱ्या चढून सोप्यावर येऊन बसते. उमेदवार कोणाचा तरी भाचा, कार्यकर्ता आपला शाळासोबती. चहा पिता पिता तो विचारतो, "वहिनी, तुमच्या घरची चार धरू ना?"

त्या वर्षी मी एकाला हो म्हटलं. दुसऱ्यालाही नाही म्हणवेना. मतदान १४ फेब्रुवारीला झालं, मोजणी १० मार्चला. मधले चोवीस दिवस गावभर वह्यांत बूथवार आकडे मांडले जात होते, कुठल्या घरची मतं फुटली याची चर्चा चालली होती. आमच्या घरची "फिरली" असं कोणीतरी म्हणालं आणि दिरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. रोज पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. मग त्यांनी झोपेचं विचारलं आणि मला रडूच आलं.

आमच्या घराला हे नवं नव्हतं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा केंद्रशासित ठेवायचा या मतदानात, आजोबा फुलावर होते, विलीनीकरणाच्या बाजूनं, आणि त्यांचे धाकटे भाऊ दोन पानांवर, म्हणजे विरोधात. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. पुढं कित्येक वर्षं जत्रेला हे दोघे एकाच देवळात वेगळ्या पंगतीला बसत. प्रश्न खरोखरच मोठा होता, आजोबांना मी चूक म्हणणार नाही. पण आजीला आपल्या जावेशी विहिरीवर चोरून बोलावं लागायचं. आजीनं स्वतः कशावर शिक्का मारला, ते तिनं शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही. लहानपणी मला तो भित्रेपणा वाटे. आता वाटतं, त्या भरल्या घरात तेवढी एकच जागा तिची स्वतःची होती.

कायदाही आजीच्याच बाजूचा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ सांगतं की कोणाला मत दिलं हे सांगायला कोणावरही सक्ती करता येत नाही. जे कोर्टातही विचारता येत नाही, ते मी सोप्यावर का सांगू?

ऑगस्ट २०२२ च्या पंचायत निवडणुकीत मी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं. वॉर्ड म्हणजे मूठभर घरं, तिथं तर जास्तच कठीण. "मत घालणार, पण कोणाला ते सांगत नाही. चहा घ्या." हात थरथरत होते. त्यानं चहा घेतला आणि पुढच्या घरी गेला. त्या रात्री मी सलग झोपले.

याला कोणी पळपुटेपणा म्हणेल. मला पटत नाही. डोंगरकापणीवर, नळाच्या पाण्यावर मी ग्रामसभेत उभी राहून बोलते, यापुढेही बोलेन. मुद्दा उघड, नाव माझ्यापाशी. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरूनही निवडणुकीच्या दिवसांत बाहेर पडते, मात्र काकींना आधी सांगून, म्हणजे रुसवा नको.

एवढं करूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर अंगावर काढू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तिथं जाताना ओळखीचं कोणी दिसेल म्हणून परत फिरू नका. तेही त्याच कामासाठी आलेले असतात.

२०२२ च्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी दीर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला आले. मी खालून सुपारीची शिपटी, म्हणजे घोस, देत होते, ते वर बांधत होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.